जावयाचं हॉटेल आणि शेठचा डोंगर

जावयाचं हॉटेल मी पेटवलं, असं आमच्या भावकीत अजून सांगतात. ते खोटं आहे. हॉटेल पेटलं नाही. फक्त रिकामं झालं.

तेव्हा आमच्या भडगावात घरोघरी केबल नुकती येत होती. मुंबईच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी एका शेठने मोठी बाग काढली होती. बाग म्हणजे फुलांची नव्हे. उंच उंच पाळणे, पाण्यात पडायच्या घसरगुंड्या, लहान मुलांची झुकझुक गाडी आणि सिमेंटचा एक डोंगर. लोक तिकीट काढून वर चढत, ओरडत खाली येत आणि पुन्हा चढत. (आमच्याकडे विहिरीत पडलेला माणूसही एवढा ओरडत नाही.)

या बागेच्या आत एक हॉटेल होतं, पण ते शेठचं नव्हतं. जागा शेठची, हॉटेल आमच्या जावयाचं. प्रकाशरावांनी ते कराराने चालवायला घेतलं होतं. पाटी वेगळी, आचारी वेगळा, नोकर वेगळे. हॉटेलच्या मागे पांढऱ्या रंगाने रंगवलेल्या विटांची ओळ होती. ओळीच्या अलीकडे जावई, पलीकडे शेठ. ही ओळ ध्यानात ठेवा. सगळा घोटाळा तिच्यामुळे झाला. म्हणजे माझ्यामुळे झाला, पण ओळीमुळे झाला असं म्हटलं की मला बरं वाटतं.

थंडीच्या दिवसांत एकदा लेकीचा, सुनंदाचा, किराणा दुकानावर फोन आला. करार संपत आला होता. शेठ रविवारी दुपारी जेवायला येऊन हॉटेल बघणार आणि मग पुढचं ठरवणार. पण थंडीत पाण्यात घसरायला येतं कोण? खोल्या रिकाम्या पडलेल्या. रिकामं हॉटेल दिसलं तर शेठ म्हणणार, तुम्हाला चालवता येत नाही, मी माझं बघतो. मग दोघांना पाचोऱ्याला परत जाऊन सासऱ्याच्या खताच्या दुकानात बसावं लागणार. सासरा आधीच म्हणत होता की हॉटेल काढणाऱ्याला एक दिवस खतच विकावं लागतं.

म्हणून सुनंदाने युक्ती काढली. पाचोऱ्याची तिच्या सासरची मंडळी आणि भडगावचे आम्ही, सगळ्यांनी यायचं आणि गिऱ्हाईक म्हणून राहायचं. नातेवाईक आहोत हे कुणाला बोलायचं नाही.

मी म्हटलं, आम्ही येतो. फोन ठेवला आणि मग मला अडचण आठवली.

आमच्यात लेकीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. सुनंदाच्या लग्नाला दोनच वर्षं झाली होती, पाळणा हलला नव्हता. मी काही फार देवभोळी नाही. नियम मोडला असता तर देवाने मला काही विचारलं नसतं. पण अक्काने विचारलं असतं. अक्का म्हणजे माझी थोरली नणंद. ती विचारते तेव्हा भर चौकात विचारते.

आमचे हे म्हणाले, हॉटेल म्हणजे काही घर नव्हे. अक्का म्हणाली, गल्ल्यावर कोण बसतं? जावई. मग ते जावयाचंच घर. राहिलं तर चालेल, झोपलं तर चालेल, आंघोळ केली तरी चालेल, कारण आंघोळीचं पाणी कुणी पीत नाही. पण तोंडात काही घालायचं नाही. आणि मी लक्ष ठेवायला येते.

झालं. आम्ही तिघं निघालो. बरोबर ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, ठेचा, केळी, दोन डबे भरून गिरणा नदीचं पाणी, भरताची हिरवी वांगी, पीठ, तवा, पातेलं, चिमटा आणि कपाशीच्या काड्यांचा हा एवढा भारा! वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजली नाहीत तर ते भरीत नव्हे, ती वांग्याची भाजी. पाचोऱ्याला गाडीत चढताना लोक भाऱ्याकडे बघत होते. तिकीट तपासनिसाने आमच्या ह्यांना विचारलं, मुंबईत सरपण मिळत नाही का? हे म्हणाले, त्या आमच्या नाहीत. पुढचा सगळा प्रवास हे दुसऱ्या बाकावर बसून आले.

हॉटेल चांगलं होतं. शनिवारी आम्ही शिदोरी खोलीत दार लावून खाल्ली. भाकरी तोवर पापडासारखी झाली होती. शेजारच्या खोलीतल्या पाचोऱ्याच्या पाहुण्याने तर भिंतीवर थाप मारून विचारलं की काय फुटलं. रात्री सुनंदाने सगळ्यांना जेवणघरात बसायला लावलं, रविवारची तालीम म्हणून. पाचोऱ्याचे लोक श्रीखंड-पुरीवर तुटून पडले होते. त्यांना काय, लेकाचं घर! आमच्या टेबलावर मी, अक्का आणि आमचे हे, तीन कोरी ताटं समोर घेऊन बसलेलो. वाढपी चार वेळा आला, चार वेळा आम्ही नको म्हटलं. शेवटी त्याने आत जाऊन आचाऱ्याला सांगितलं की भडगावचे लोक तुमच्यावर रुसलेत. आचारी बाहेर येऊन आमच्याकडे बघत उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले होते.

सुनंदा मला बाजूला घेऊन रडकुंडीला आली. "आई, उद्या शेठसमोर असंच बसलीस तर तो म्हणेल, इथलं अन्न माणसं तोंडाला लावत नाहीत. त्यापेक्षा तुम्ही आला नसतात तर बरं."

मला ते लागलं. रविवारी सकाळी मी अक्काला म्हटलं, आपण आपलं भरीत-भाकरी करू, हॉटेलच्या ताटात वाढून घेऊ आणि शेठसमोर पोटभर जेवू. शेठला काय कळतं अन्न कोणाचं? नियमही राहील आणि लेकीचं कामही होईल. अक्काने विचार केला. खोट काढायला ती फार हुशार आहे.

"चूल कोठे मांडशी?" तिने विचारलं. "जावाईना घरमा इस्तो पेटना का ते जावाईनंच अन्न व्हयनं." जावयाच्या घरात विस्तव पेटला की अन्न जावयाचंच, असं तिचं म्हणणं.

मी खिडकीतून विटांची ओळ दाखवली. "त्या ओळना पल्याड जावाईनं काहीच नही. बठ्ठी जमीन शेठनी शे."

अक्का खाली गेली, ओळीपर्यंत चालून आली आणि म्हणाली, "चालस."

एवढं मोठं हॉटेल, एवढी मोठी बाग, पण त्या जागेच्या कराराचा अर्थ इतक्या बारकाईने आम्हा दोघींशिवाय कुणी लावला नसेल.

आम्ही सामान घेऊन ओळ ओलांडली. पलीकडे वारा फार. काड्या पेटत, विझत. समोरच सिमेंटचा डोंगर होता आणि त्याला छान गुहा होती. आत वारा नाही, वर धूर जायला भोक, जणू कुणी स्वयंपाकासाठीच बांधलेली. भिंतीवर पुठ्ठ्याचे दोन-तीन सांगाडे टांगले होते, तेही उन्हापावसाने मऊ पडलेले. खाली वीतभर रुंदीचे रूळ होते. मला ते दिसले. पण इतक्याशा रुळांवरून काय येणार, असं मला वाटलं. अक्का बाहेर मिरच्या-लसूण निवडत बसली, मी आत तीन विटा मांडल्या, काड्या पेटवल्या, वांगी टाकली आणि उकिडवी बसून फुंकू लागले. धूर डोळ्यांत, काजळी तोंडावर, पदर डोक्यावरून पुढे ओढलेला, नऊवारीचा काचा मारलेला. माझं ध्यान तुम्ही डोळ्यांपुढे आणा. नका आणू, राहू द्या.

इतक्यात शिट्टी वाजली आणि झुकझुक गाडी गुहेत शिरली.

रविवार होता, गाडीत जवळपासची पोरं खच्चून भरलेली. ती मला बघून जी किंचाळली! मीही दचकले. माझ्या चिमट्यात जळतं वांगं होतं, ते तसंच वर गेलं. "काय रे मेल्यांनो," मी ओरडले, "स्वयंपाक करू द्याल का नाही?" पोरं आणखी किंचाळली आणि गाडी पलीकडून बाहेर पडली. मी कपाळाला हात लावला. तोही काळा झाला.

मला वाटलं, संपलं. पण बाहेर जाऊन पोरांनी सांगितलं की डोंगरात नवी हडळ बसवली आहे, ती जिवंत आहे आणि काळीज भाजते. गाडी परत आली. या वेळी आयाबापही बसलेले. मी वांगी उलटत होते, बोलले नाही. तर एक मुलगी म्हणाली, "हडळकाकी, मघासारखं ओरडा ना."

मी ओरडले. मनापासून ओरडले.

तिसऱ्या फेरीला गाडीला रांग लागली, असं अक्का बाहेरून सांगत होती. मी तिला म्हटलं, गाडी थांबवायला सांग. ती म्हणाली, मी मिरच्या सोडून येणार नाही, कावळे बसतील.

इकडे मी सगळ्या काड्या एकदम टाकल्या, वांगी लवकर व्हावीत म्हणून. डोंगराच्या भोकातून काळा धूर निघाला आणि वाऱ्याने वळून नेमका हॉटेलात शिरला. पुढचं मला अक्काने मागाहून सांगितलं. वाढप्याने बघितलं आणि आग आग म्हणून ओरडत सुटला. पाचोऱ्याची मंडळी जिन्यावरून धाडधाड खाली. कुणी टॉवेलवर, कुणी अर्ध्या दाढीने, विहीणबाई तर उशी पोटाशी धरून. सगळ्यांत शेवटी, हॉटेलच्या स्वयंपाकघरातून, आमचे हे बाहेर आले. एका हातात बटाटेवड्यांची बशी, दुसऱ्या हातात चटणी. आगीतून जीव वाचवायचा तर माणूस चटणी घेऊन पळत नाही. आचारी त्यांच्या मागे पाण्याचा पेला घेऊन धावत होता आणि म्हणत होता, "आबा, ठसका लागेल."

अक्काने ते बघितलं. मिरच्या खाली ठेवल्या.

आणि याच वेळी शेठची गाडी फाटकातून आत आली.

बागेचा म्हातारा मॅनेजर आधीच धावला होता. तो प्रकाशरावांना बोलत होता की तुमच्या हॉटेलमुळे बाग जळेल. प्रकाशराव म्हणत होते, चूल विटांच्या पलीकडे आहे, जागा तुमची, आग तुमची. मॅनेजर म्हणाला, आग आमची असेल, बाई तुमची आहे. तेवढ्यात मी वांग्यांचं पातेलं घेऊन गुहेतून बाहेर आले आणि दोघेही दोन पावलं मागे सरले.

शेठ उतरले. जाडजूड, पांढऱ्या कपड्यातला माणूस. त्यांनी धूर बघितला, टॉवेलवरचे पाहुणे बघितले, मग माझ्याकडे बोट करून विचारलं, "या कोण?"

प्रकाशरावांच्या कपाळाला घाम. सासू म्हणावं तर सगळं सोंग उघडं. आणि गिऱ्हाईक म्हणावं, तर ते पैसे देऊन राहतं आणि गुहेत जाऊन स्वतः रांधतं, असलं हॉटेल! बिचारे म्हणाले, "गिऱ्हाईक."

"तुमच्या हॉटेलात जेवण मिळत नाही?"

सुनंदा पदराचं टोक चावत उभी. मला वाटलं, आता खताचं दुकान. मी पातेलं खाली ठेवलं.

"मी यांची सासू," मी म्हटलं. "लेकीला मूल होईपर्यंत मी यांच्याकडचं खात नाही. तुमच्या जमिनीवर रांधलं, कारण तुम्ही माझे कोणी नाही. हे पाचोऱ्याचे लोकही पाहुणेच आहेत. हॉटेल थंडीत रिकामंच असतं. तुमच्या पाण्यात या दिवसांत कोण पडणार? तुम्ही पडाल का?"

सुनंदाने डोळे मिटले. शेठनी पातेल्यात डोकावलं. मग म्हणाले, "आमच्यात पण असंच आहे. माझी आई लेकीच्या गावी जायची तर स्टेशनवर जेवायची." एवढं बोलून ते मॅनेजरकडे वळले. मला वाटलं, आता मला फाटकाबाहेर काढायला सांगतात. पण शेठ डोंगराकडे बघत होते. झुकझुक गाडीची रांग पार पाळण्यांपर्यंत गेली होती.

"इतकी माणसं डोंगराला कशी?" शेठनी विचारलं.

मॅनेजर खाली मान घालून म्हणाला, "यांना बघायला."

शेठ परत माझ्याकडे वळले. फार आदराने हात जोडले. "बाई, तुम्ही रोज बसाल का?"

आयुष्यात मला कुणी नोकरी देऊ केली ती ही एकच. मी नाही म्हटलं. तिकडे खाणार काय, हा प्रश्न होताच.

करार मात्र झाला. शेठ म्हणाले, खोटं बोलायला एवढी माणसं जमवणारा जावई हॉटेल चालवील. पण त्यांची एक अट होती. डोंगरात तशीच बाई पाहिजे, पुतळ्याची का होईना. बागेचा रंगारी दुपारभर माझ्यासमोर बसून चित्र काढत होता. मी तोंड धुते म्हटलं तर शेठ आणि जावई दोघे एकदम नको म्हणाले. त्या दिवसापुरतं त्यांचं त्या एकाच गोष्टीवर एकमत होतं. भरीत शेठनी खाल्लं, मॅनेजरने खाल्लं. आमच्या ह्यांना मात्र अक्काने वाढलं नाही. ते म्हणाले, माझं पोट भरलंय.

दुसऱ्या वर्षी सुनंदाला मुलगा झाला. तो चालायला लागल्यावर आम्ही सगळे त्याला घेऊन झुकझुक गाडीत बसलो. मला धाकधूक होती, पोर घाबरेल. गुहेत शिरलो. समोर विटांच्या चुलीपाशी ती पुतळ्याची बाई बसलेली, काळं तोंड, लाल डोळे, हातात चिमटा, चिमट्यात वांगं. नातू तिला बघून खुदकन हसला, टाळ्या वाजवल्या आणि तिच्याकडे जायला हात पुढे केले.

मी त्याचं कौतुक करायला वाकले. त्याने माझ्याकडे वर बघितलं आणि भोकाड पसरलं.