कालवफोड्याचा रविवार

आमच्या रविवारच्या कंपूत एक नियम आहे. कोणाला पक्षी दिसला की त्याने जागा सांगायची, बाकीच्यांनी दुर्बिणी लावायच्या आणि पक्षी सापडला की प्रत्येकाने मोठ्याने ‘मिळाला’ म्हणायचं. शेवटचा माणूस ‘मिळाला’ म्हणत नाही तोवर कोणी पाऊल हलवायचं नाही. नियम दादाचा. दादा म्हणजे माझा सख्खा भाऊ, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. परळच्या एका शाळेत विज्ञान शिकवून रिटायर झाला. गेली तीसेक वर्षं शिवडीच्या चिखलात पक्षी दाखवायला लोकांना फुकट घेऊन जातो. जायचा.

नियम ऐकायला छान आहे. प्रत्यक्षात काय होतं ते सांगते. दहा जण उन्हात उभे असतात, नऊ जणांना मिळालेला असतो आणि तुम्ही एकट्याच चिखलावरून दुर्बीण फिरवत असता. कोणी घसा खाकरतं, कोणी पाण्याची बाटली उघडतं. मग तुम्ही म्हणून टाकता, मिळाला. सगळे असंच करतात. मी कितीदा केलंय त्याचा हिशेब नाही. दादाला हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून तो मध्येच शांतपणे विचारायचा, ‘चोच कुठल्या बाजूला होती?’ झालं, माणूस सापडला. दादरची एक बाई या प्रश्नावर सगळ्यांसमोर रडली आणि पुन्हा कधी आली नाही. मलाही त्याने लहानपणी असंच पकडलं होतं, आणि नंतर सहा महिने दुर्बिणीला हात लावू दिला नव्हता. त्यात त्याचं काही चुकलं असं त्याला कधी वाटलं नाही. खोटं ते खोटं, म्हणायचा.

दिवाळीत वहिनीचा फोन आला. आवाज बारीक करून बोलत होती, म्हणजे दादा घरातच होता. म्हणाली, ‘ह्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचं दुखणं आहे. समोरचं, मधलं दिसत नाही, कडेकडेचं दिसतं. डॉक्टर म्हणाले, उन्हाळ्यापर्यंत तेही जाईल. कोणाला बोलू नकोस, तुझ्या पाया पडते. त्यांना रविवार तेवढा राहू दे. आणि तो कालवफोड्या एकदा मिळू दे, बाकी त्यांचं काही मागणं नाही.’

कालवफोड्या म्हणजे काळापांढरा, लांब लालभडक चोचीचा पक्षी. खडकावरची कालवं फोडून खातो. कोकणच्या किनाऱ्यावर दिसतो, पण आपल्या मुंबईच्या या बाजूला त्याचं येणं म्हणजे नशीब. दादाने आयुष्यात तीनशेच्या वर पक्षी पाहिले, हा तेवढा हुकला. आमच्या गावी मालवणला तो दोनदा खास याच्यासाठी जाऊन राहिला, तर पक्ष्याने तोंड दाखवलं नाही. वहिनी यावरून त्याला चिडवायची, की तुमची पत्रिका जुळत नाही.

जानेवारीत आमच्यातल्या एका गिरगावकराने ग्रुपवर फोटो टाकला. हा माणूस बँकेतून निवृत्त, हातभर लांबीची लेन्स घेऊन फिरतो आणि बोलतो कमी. शिवडीच्या धक्क्यासमोर, शुक्रवारी, एकटा कालवफोड्या. दादाचा मला लगेच फोन. ‘रविवारी चतुर्दशी आहे. चौदाची पाऊणपट केली की साडेदहाची भरती. पाणी चढेल तसे पक्षी धक्क्याकडे सरकतील. आठला पोचायचं. उशीर केलास तर थांबणार नाही.’ मी पंचावन्न वर्षांची आहे, करी रोडला स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहते, दोन सुनांची सासू आहे. माझ्याशी अजून असं बोलतो.

आठच्या आधी पोचले. आम्ही अकरा जण होतो. दादा पुढे, टोपी घालून, गळ्यात दुर्बीण, ताठ चालत. कडेचं दिसत होतं म्हणून चालण्यात काही कळत नव्हतं. मी मात्र दिवाळीपासून त्याच्यावर नजर ठेवून होते. तो पक्षी दाखवायचा बंद झाला होता. दुसऱ्याने दाखवला की त्याची माहिती सांगायचा. आणि आवाजावरून ओळखायचा. कान मात्र असे तयार, की बघत राहावं.

पाणी अजून लांब होतं. चिखलात एक मोठा पक्षी पाठमोरा उभा होता, वाकडी चोच. मी म्हटलं, मोठा कोरल. तेवढ्यात शीळ वाजली. दादा वळलासुद्धा नाही. म्हणाला, ‘सात वेळा वाजली. धाकटा कोरल तो, मोठा नव्हे. पंचावन्न वर्षांची झालीस गो, अजून कानाचा उपयोग झुमके घालण्यापुरताच.’ सगळे हसले. गिरगावकरही हसला, जो कधी हसत नाही. मग एका नव्या मुलीने विचारलं, की नुसता ऐकला तर चालतो का, पाहायला नको? दादा म्हणाला, ‘दिसला काय, ऐकला काय, पक्षी तोच. ऐकलेला तर जास्त खरा, त्यात नजरेची चूक होत नाही.’

माझं डोकं सटकलं. हसले म्हणून नाही, हसणं मला नवीन नाही. ज्याला माझा चेहरा दिसत नाही तो माणूस मला चूक काढून दाखवतोय, आणि वर ते बरोबर आहे, यानं सटकलं. आपलंच झाकून ठेवायचं आणि जगाला उघडं पाडायचं, वा रे वा. वहिनीने पाया पडून मागितलेलं मी त्या क्षणाला विसरले असं मी म्हणणार नाही. चांगलं आठवत होतं.

लांब, चिखलात रुतलेल्या एका पडक्या होडीपुढे एक काळी पिशवी अडकली होती. तिला पांढरी चिंधी. मी दुर्बीण लावली आणि म्हटलं, ‘कालवफोड्या. होडीच्या पुढे, डावीकडे, दहा हातांवर.’

सगळ्यांच्या दुर्बिणी वर. आता पुढचं ऐका, कारण हे आमच्याच लोकांना जमतं. ती नवी मुलगी म्हणाली, मिळाला. मग भायखळ्याचं जोडपं, आधी नवरा, मग बायको, मिळाला, मिळाला. आणखी दोघं म्हणाले. पाच माणसांना प्लास्टिकच्या पिशवीत कालवफोड्या मिळाला. गिरगावकर लेन्स फिरवत गप्प राहिला. आणि मग सगळे दादाकडे बघायला लागले, कारण त्याच्यासाठीच तर आलो होतो.

तो दुर्बीण लावून उभा होता. मान थोडी तिरकी करून बघत होता, कडेच्या नजरेने पकडायला. बराच वेळ गेला. मग म्हणाला, ‘मिळाला.’ आणि त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला अजून दिसतं. लहान मुलासारखा खूश झाला होता. मला वाटतं त्याला खरंच काहीतरी काळंपांढरं दिसलं असावं.

मी विचारलं, ‘दादा, चोच कुठल्या बाजूला?’

‘समुद्राकडे.’

‘आणि पाय?’

‘गुलाबी. गुलाबीच असतात.’

‘ती पिशवी आहे दादा. काळी पिशवी, वर चिंधी.’

इथे थांबता आलं असतं. चेष्टा केली म्हणून हसण्यावारी नेता आलं असतं. मी थांबले नाही. अकरा जणांत उभी राहून मोठ्याने म्हटलं, ‘तुला दिसत नाही. मधलं काहीच दिसत नाही तुला, वहिनीने सांगितलंय मला. महिनोन् महिने आम्हाला आंधळ्याच्या मागे फिरवतोयस आणि चोच कुठे होती म्हणून लोकांना विचारतोयस.’

मिळाला म्हणणारे पाच जण चिखलाकडे बघत होते. आपल्याकडे कोणाचं लक्ष नाही म्हणून सुटल्यासारखे वाटत होते. दादाने दुर्बीण खाली घेतली.

‘कधीपासून माहीत आहे तुला?’

‘दिवाळीपासून.’

‘मग घरी का नाही आलीस? दहा मिनिटांवर राहतेस.’

धक्क्याच्या कडेला एक दगडी खांब आहे, त्याला टेकून तो उभा राहिला. आम्ही त्याच्यापासून पाचदहा पावलांवर, आणि पाणी चढत होतं. त्याने सांगितलं होतं तस्संच चढत होतं. पक्षी घोळक्याघोळक्याने जवळ सरकत होते. घरी जावं असं सगळ्यांना वाटत होतं, पण आधी कोणी निघायचं हे ठरत नव्हतं.

साडेदहाच्या सुमाराला गिरगावकराने माझ्या कोपराला नुसतं बोट लावलं. धक्क्याच्या खालीच, वीस पावलांवर, खडकावर तो उभा होता. चोच इतकी लाल की दुर्बीण लागू नये. सगळ्यांनी पाहिला, दोन-तीन मिनिटं मस्त पाहिला. कोणी मिळाला म्हटलं नाही. दादाला बोलवावं असं कोणाच्या तरी मनात आलं असेलही. पण बोलावून दाखवायचं काय.

मग पाणी खडकावर आलं आणि तो उडाला. उडताना ओरडला, क्लीप, क्लीप, क्लीप, कडक आवाजात, अगदी दादाच्या डोक्यावरून. दादा ताठ झाला. मान वर करून वळत राहिला, आवाज जिकडे जाईल तिकडे. ही हाक त्याने कधी ऐकली नव्हती. शिवडीतली बाकी सगळी ऐकली होती, म्हणून ही नवी आहे हे त्याला कळलं. आवाज विरला तसा त्याने मला विचारलं. इतरांना नाही, मला.

‘हाच का गो?’

‘नाही,’ मी म्हटलं. ‘टिटवी होती.’

राग अजून उतरला नव्हता. आणि त्याने माझ्याकडे काहीतरी मागितलं होतं आणि द्यायचं की नाही ते माझ्या हातात होतं. आयुष्यात पहिल्यांदा होतं. टिटवी त्याला झोपेतही कळते, तरी तो म्हणाला, ‘बरं. तू म्हणतेस तर नसेल. आता तुमच्याच डोळ्यांवर चालायचं.’ दहा जणांनी हे ऐकलं. गिरगावकराच्या कॅमेऱ्यात फोटो होता. त्याने तो कधी ग्रुपवर टाकला नाही. मला वाचवलं की दादाला, त्याला विचारायची माझी हिंमत झाली नाही.

दादा पुन्हा आला नाही. रविवार मी चालवते. कंपूत कोणी मला तोंडावर काही म्हणत नाही.

मी त्याच्याकडे गेले ती थेट मे महिन्यात. तोवर उजेड-अंधारापुरतं उरलं होतं. गॅलरीत खुर्ची टाकून बसला होता. रागाने बोलेल असं वाटलं होतं, तर उलट आंबे खाल्लेस का विचारलं. शिवडीचं विचारलं. मग म्हणाला, ‘तुझ्या मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज असतात ना? कालवफोड्याचा लाव. ऐकून ठेवतो. पुढच्या थंडीत मला धक्क्यावर नुसतं नेऊन बसव, आला तर कानाने घेईन.’

मी म्हटलं, नेट नाही. म्हटलं, बॅटरी उतरलीय. वहिनी आतून हात पुसत आली. म्हणाली, माझ्यावर मिळेल की, थांबा. मला तिला थांबवायचं होतं आणि थांबवायला काही कारण सुचेना. तिने शोधलं, लावलं. क्लीप, क्लीप, क्लीप.

दादाने पूर्ण ऐकलं. पुन्हा लावायला सांगितलं. दुसऱ्यांदाही पूर्ण ऐकलं. माझ्याकडे तोंड वळवलं नाही. मग वहिनीला म्हणाला, ‘माझी वही काढ. शेवटच्या पानावर लिही. कालवफोड्या. जानेवारीतला तो रविवार, तारीख कॅलेंडरात बघ. शिवडी धक्का. ऐकला.’

वहिनीने लिहिलं. तो प्रत्येक पक्ष्यापुढे त्या दिवशी बरोबर कोण होतं तेही लिहितो. चाळीस वर्षांच्या त्या वहीत माझं नाव जिथे तिथे आहे. वहिनीने विचारलं, ‘सोबत?’

‘कोणी नाही,’ दादा म्हणाला. ‘एकटा होतो.’

मी समोरच बसले होते. वहिनीने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि तसंच लिहिलं.