सवा महिना जाळं नाही

पंतोजींची शाळा अर्ध्यावर सोडून मी चुलतभावाबरोबर कोकणातून अकोल्याला आलो, ते कापसाचे गठ्ठे दाबायला. इथे समुद्राची मासळी कुठली? पण मोर्णेच्या काठी एका भोयाचं छप्पर होतं. तो नदीतले मासे धरी आणि तिथंच रांधून वाढी. पानावर मासा ठेवला की आम्ही काटे नीट काढतो की नाही, ते बघत उभा राही. पहिला घास घशाखाली उतरला की मगच चुलीकडे वळे. त्याचं नाव आम्ही कधी विचारलं नाही.

वैशाखात अंगाला चिकटलेली रुई धुवायला भाऊ डोहात उतरला आणि बुडाला. या भोयानंच बुड्या मारून त्याला वर काढलं.

चौथ्या दिवशी मी छपराशी गेलो, तर चूल थंड होती आणि एक गाडीवान तणतणत होता. नदी आटली होती. मासे उरले होते ते त्या एका डोहात.

"काहून नाही देत रे मासोळी?"

"त्या डोहात मानूस गेलं. सवा महिना जाळं नाही टाकत मी."

"तो परमुलखातला हमाल! तुहा सोयरा लागते काय?"

"माह्या हातचं जेवत होता ना तो."

"मंग तू काय खाशीन? माती?"

कोरडं जाळं गुंडाळून भोयानं आढ्याला बांधलं.

गावी अजून बातमीही पोचली नव्हती. भावाचं सुतक पाळायला इथं मी एकटाच आहे, असं मला वाटत होतं.