एका जुवाला दोन गोऱ्हे

ताडकळसच्या आसपास कुणाचा गोऱ्हा औताला आला की मुंजाजीला सांगावा जायचा. घरोघर ट्रॅक्टर झाले, तरी दावणीला बैल असल्याशिवाय ज्यांना भाकर गोड लागत नाही अशी माणसं अजून आहेत, आणि त्यांना मुंजाजीशिवाय दुसरा माणूस चालत नाही. मुंजाजीच्या हातात बैलाला टोचायची पराणी कधी कुणी बघितली नाही. तो आधी गोऱ्ह्याचा जबडा उघडून दात बघायचा. दुधाचेच दात असले की मालकाला म्हणायचा, "वशिंड आलं म्हणून बैल झाला व्हय? लेकरू हाय ते. पुढल्या साली बोलवा." दोन दात लावलेले असले तर कामाला लागायचा. गुळाचा खडा, मानेवर नुसतंच रिकामं जू, आणि शेजारी एक थंड डोक्याचा म्हातारा बैल.

"दोन गोऱ्हे एका जुवाला कदीच जुंपू न्हाई," हे त्याचं ठरलेलं बोलणं. "एकटा गरीब असतोय. दुसरा दिसला की दोघांच्या बी अंगात येतंय."

अशा माणसाची सगळी विद्या घरच्या परमेश्वरापुढं मात्र आटली होती. परमेश्वर म्हणजे त्याचा सोळा वर्षांचा पोरगा. दहावीपर्यंत सांगितलेल्या कामाला नाही म्हणाला नाही. अकरावीला गेला आणि कुणी बदलून आणून ठेवल्यागत झाला. काही विचारलं की "मला माहीत न्हाई". आरशापुढून हलायचं नाही. उन्हं दारात आली तरी बाजेवर पालथा. मुंजाजी रोज बाजेच्या पायाला लाथ घालायचा, "उठ रे, जनावरं बी उठली!" पोरगं उठायचं ते तोंड फुगवूनच.

दसरा झाला आणि एका बाजाराच्या दिवशी घोळ झाला. परमेश्वरानं रंगनाथमामाची मोटारसायकल काढली, मागं दोन मैतर बसवले आणि पाटाच्या कडेनं हात सोडून चालवायची पैज लावली. गाडी सरळ पाटात. पाणी गुडघ्याइतकंच होतं म्हणून निभावलं. बातमी बाजारात पोचली तेव्हा मुंजाजी पायातल्या वहाणा टाकून पळत सुटला. जाऊन बघतो तर तिघं चिंब भिजलेले, बाजाराच्या टोकाच्या हॉटेलापुढच्या बाकड्यावर बसून खिदळायलेत. परमेश्वराच्या गुडघ्यातनं रगत गळायलंय आणि त्याला त्याचं भान नाही.

ते हसू बघितलं आणि मुंजाजीच्या पोटातली भीती हातात उतरली. भर बाजारात, मैतरांसमोर, त्यानं पोराच्या कानाखाली ठेवून दिली.

त्या दिवसापासून पोरगं बापाशी बोलेना. दिवाळी सरली आणि आईला म्हणालं, "मी मामासंगं ऊसतोडीला चाललोय. कॉलेज मला नको."

रंगनाथ दरसाल टोळीबरोबर जायचा. गल्लीतली दोन पोरं अशीच 'एकच हंगाम' म्हणत गेली होती, ती पुन्हा वर्गात दिसली नाहीत. परमेश्वराच्या आईचा, छबूबाईचा जीव थाऱ्यावर राहिना. ती नवऱ्यावर उखडली.

"लोकाच्या गोऱ्ह्याला गूळ चारता, अन् सोताच्या लेकराला मुस्काटात?"

"त्यो काय गोऱ्हा हाय का? मिशी फुटलीय त्याला."

"मिशी फुटली की अक्कल बी फुटती व्हय? तुमच्या लग्नात तुमाला केवढी मिशी होती, मला माहीत हाय!"

गुडघ्याची जखम चिघळली होती. पट्टी बदलायला मुंजाजी त्याला सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. बसमध्ये पोरगं पार मागच्या सीटवर. पट्टी करणाऱ्या सिस्टरनं विचारपूस केली आणि मुंजाजीला शेजारच्या खोलीत धाडलं. तिथं वयात आलेल्या पोरापोरींशी बोलणाऱ्या संघप्रियाताई बसायच्या. मुंजाजीनं अवघडत सगळं सांगितलं.

"काका, एकटा असला की गाडी कशी चालवतो?" ताईंनी विचारलं.

"एकटा? म्हातारीवाणी. खड्डा दिसला की उतरून ढकलतोय."

"आणि मित्र मागं बसले की?"

"मग पाटातच," मुंजाजी म्हणाला.

ताईंनी आपल्या डोक्यामागं हात लावला आणि कपाळापर्यंत फिरवत आणला. "मेंदू असा मागून पुढं तयार होत येतो. राग, हौस, धाडस हे आधी जागं होतं. थांब म्हणणारा भाग इथं, कपाळामागं. तो सगळ्यात शेवटी पिकतो, पंचविशीच्या आसपास. त्यात मित्र बघत असले की ब्रेक आणखी ढिला. पोरगं वाया गेलं असं नाही काका. निवांत, एकट्यात विचारा, तुमच्याइतकंच शहाणं बोलेल."

"अन् सकाळी उठत न्हाई ते?"

"ह्या वयात रात्री झोपच उशिरा येते. आपण समजतो आळशी झालाय."

मुंजाजीनं बराच वेळ मान हलवली. "मंजी ताई, दात लावले न्हाईत अजून."

"कुणाचे दात?"

मग त्यानं गोऱ्ह्यांचं सगळं सांगितलं. ताई पोट धरून हसल्या. "मग उधळणाऱ्या गोऱ्ह्याला तो म्हातारा बैल काय शिकवतो?"

"शिकवतोय कशाचं! नुस्ता चालतोय. गोऱ्हा उधळला तरी ह्यो उधळत न्हाई, एवढंच." बोलता बोलता तो थांबला. त्याचाच कान लाल झाला. "त्या दिशी मी बी उधळलो की वो, ताई."

"उधळलात," ताई म्हणाल्या. "आता शेजारी चाला. पण गाडीची चावी त्याच्या हाती देऊ नका. ब्रेक पिकेपर्यंत थोडा ब्रेक आपणच व्हायचं."

ऊसतोडीच्या टोळीचा ट्रक यायच्या आदल्या दिवशी मुंजाजीच्या दारात एक गोऱ्हा आला होता. सोयाबीन निघालेल्या रानात त्याला पहिल्यांदा चालवायचं होतं. मुंजाजी ओट्यावर बसलेल्या पोराकडं न बघताच म्हणाला, "एका अंगाला कासरा धराया माणूस पायजे. येतूस का?"

परमेश्वर उठला. कासरा त्यानंच उचलला.

रानात चार-सहा वेढे नीट झाले. मग कुठंतरी फटाका वाजला आणि गोऱ्ह्यानं उसळी घेतली. परमेश्वर कासऱ्यासंगं ढेकळांत फरफटला, पण त्यानं कासरा सोडला नाही. म्हातारा बैल जागचा हलला नाही. मुंजाजीनं नुसतं "हो, हो, हो" केलं आणि गोऱ्ह्याच्या मानेवर हात ठेवला.

पोरगं धापा टाकत बघत राहिलं. "आबा, त्याला मारलं न्हाई तुमी."

"भ्यालंय ते. भ्यालेल्याला काय मारायचं?"

"अन् मला?"

मुंजाजी गोऱ्ह्याची मान चोळत राहिला. "त्या दिशी तू न्हाई, मी भ्यालतो. पाटात तू बुडालास असंच सांगितलं रे मला कुणीतरी. चारचौघांत हात उचलाया नको होता. चुकलं मव्हं. पण गाडी तुला मिळणार न्हाई, हे बी आताच सांगतो."

परमेश्वर ढेकूळ फोडत राहिला. मग म्हणाला, "ती पैज मीच लावलती. एकटा असतो तर लावली नसती. कशी लावली, मलाच कळंना."

"कळंल. आज न्हाई तर पुढं."

"मामाला येतो म्हणलोय मी."

जाऊ नको, हे मुंजाजीच्या ओठावर आलं होतं. त्यानं ते गिळलं. "झोप काढ. सकाळी तूच ठरव."

सकाळी उजाडायच्या बेताला ट्रकचा भोंगा वाजला. छबूबाई चुलीपुढं तशीच थिजली. "उठवू नका," ती दबक्या आवाजात म्हणाली. "झोपू द्या. जाईल ट्रक."

मुंजाजीच्या मनातही तेच होतं. पण फसवून राखलेलं पोरगं किती दिवस राहणार? तो बाजेजवळ गेला. लाथ घातली नाही. खांद्याला हात लावला. "परमेश्वरा, ट्रक आलाय. मामा थांबलाय."

पोरानं एक डोळा उघडला. भोंगा पुन्हा वाजला. त्यानं गोधडी डोक्यावर ओढली.

"जाऊ द्या त्यान्ला," गोधडीतून आवाज आला. "माझं दहाला कॉलेज हाय. नवाला उठवा."

मुंजाजी दारापर्यंत गेला आणि रंगनाथाला हातानंच 'निघ' म्हणून खुणावलं. परत येऊन त्यानं पोराच्या उघड्या पायांवर गोधडी सारखी केली. छबूबाईनं डोळे पुसत चहाचं आधण ठेवलं.

"नवाला उठवा म्हणतोय," मुंजाजी हळूच म्हणाला. "सायबच झालाय."

"हळू बोला," छबूबाई म्हणाली. "लेकरू झोपलंय."