शालूचा राहिलेल्यांचा डबा

शालू गेल्याचा तिच्या लेकीचा फोन आला, तेव्हा मी हुडको वसाहतीतल्या घरी नातीच्या डब्यासाठी भेंडी चिरत होते. भेंडीचं नाव पुढे पुन्हा येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवते. "मावशी, आई गेली जी…" एवढंच ती बोलली. मी "बरं" म्हटलं आणि उरलेली भेंडी चिरून संपवली. याला पाच आठवडे झाले.

वीसेक वर्षांपूर्वी आम्ही दोघी दुर्गच्या एका लहानशा कंपनीत प्रोग्रॅम लिहायचो. मी रेल्वेवाल्याची पोर, शालू स्टील प्लँटमधल्या फिटरची. चाळिशीतली मी म्हणजे काय सांगू! डोक्यावर गॉगल, तोही ऑफिसात. नवीन आलेल्यांना न विचारता शिकवायची हौस. प्रोग्रॅमात तात्पुरती माहिती ठेवायच्या कप्प्यांना मी भाज्यांची नावं द्यायची आणि याला विनोद समजायची. शालू हसायची नाही. "मॅडम, बाजार काहून मांडून राहिली?" एवढं विचारायची.

काम पंप दुरुस्तीच्या एका वर्कशॉपचं होतं. पुरवठादारांकडून सुट्या भागांच्या याद्या एक्सएमएल फाईलीत यायच्या. म्हणजे प्रत्येक वस्तू एका नावाच्या वेष्टनात, त्या वेष्टनात आणखी वेष्टनं. आमच्या प्रोग्रॅमात त्याच वस्तूंचं घराणं मांडलेलं. वर 'पार्ट' ही आई, तिच्याखाली व्हॉल्व्ह, बेअरिंग अशा लेकी, त्यांची पुढे नातवंडं. वेष्टनावरचं नाव वाचायचं आणि ती वस्तू घराण्यातल्या नेमक्या शाखेत, म्हणजे क्लासमध्ये, नेऊन बसवायची. शालू हे घराणं आधी पेन्सिलीनं कागदावर काढायची, आणि प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात एक चौकोन जास्तीचा. त्यात लिहिलेलं, 'राहिलेलं'. तिच्या टेबलावर याच नावाचा एक स्टीलचा डबाही होता. त्यात तुटकी बटणं, कशाच्याच नसलेल्या किल्ल्या, खडूचे तुकडे.

"नाव ओळखीचं नाही निघालं त का फेकून देशीन?" ती म्हणायची. "वस्तू तर हाय ना? आईच्या नावानं बसव. जे समजलं नाही ते बाजूले ठेव, अन् माणसाले दाखव."

"तुझ्या डब्यासारखं?"

"हो, माह्या डब्यासारखं."

वर्कशॉपवाल्यांना काम दाखवायच्या दिवशी सकाळी शालू सुट्टीवर होती. तिनं लिहिलेली फाईल मी उघडली. एका पुरवठादाराची यादी वाचताना पडद्यावर लाल सूचनांची रांग लागत होती, अनोळखी नाव, अनोळखी नाव… आमच्या साहेबांपुढे ते लाल मला बरं दिसेना. मी तिथे एक ओळ घातली. नाव ओळखता आलं नाही, तर ती वस्तू गुपचूप सोडून दे. त्या ओळीतल्या कप्प्याला मी 'भेंडी' नाव दिलं. लाल गेलं. साहेब खूश. आमच्याकडे रीत होती, दुसऱ्याच्या फाईलीला हात लावला की माथ्यावर, मूळ नावाखाली, आपलं नाव लिहायचं. मी लिहिलं नाही. विसरले, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले.

महिनाभरानं वर्कशॉपात एक मोठा पंप उघडला, आणि बंद करायला सील नाही. आमच्या यादीतच नव्हतं, म्हणून मागवलंच नव्हतं. त्या पुरवठादारानं सीलला स्वतःचंच वेगळं नाव दिलं होतं आणि माझ्या ओळीनं ते गिळलं होतं. काम तीन दिवस अडून. साहेबांनी फाईल उघडली. माथ्यावर एकच नाव, शालूचं. तिला बोलावलं तेव्हा मी पलीकडच्या खुर्चीवरच होते. ती वाकून एकेक ओळ खाली वाचत गेली, आणि थांबली. भेंडीपाशीच थांबली असणार. तिनं माझ्याकडे पाहिलं… मी माझा गॉगल पुसत होते.

"फाईल माहीच हाय सर," ती म्हणाली.

तिचं काम काढून माझ्याकडे दिलं गेलं. ती काही महिन्यांत सोडून गेली आणि कोहक्याला मुलींना कॉम्प्युटर शिकवू लागली. मी प्रमुख झाले, पेढे वाटले. तिलाही नेऊन दिले, आणि तिनं खाल्ले.

पुढे येणंजाणं राहिलं, बोलणं राहिलं, फक्त तेवढं सोडून. शेवटच्या आजारात तिच्या उशाशी बसून मी सुरुवात केली, "शालू, ते सीलचं…"

"चहा पी," ती म्हणाली. "थंडा होऊन राहिला." मी निमूट प्याले. तिनं मला थांबवलं की सोडवलं, हे अजून कळत नाही. मला मात्र सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याचीच लाज सगळ्यात जास्त वाटते.

मागच्या आठवड्यात तिची लेक तो डबा घेऊन आली. "आईनं तुमाले द्याले सांगतलं होतं." किल्ल्या, बटणं, आणि तळाशी घडी घातलेला छापील कागद. ती फाईल. माझ्या ओळीला पेन्सिलीचा गोल, आणि शेजारी तिच्या बारीक अक्षरात दोन ओळी, ती ओळ कशी लिहायला हवी होती त्या. त्यांत कुणाचं नाव नाही, तक्रार नाही. फक्त दुरुस्ती.

मी चष्मा लावून कागदाच्या माथ्यावर तिच्या नावाखाली माझं नाव लिहिलं. पेनानं. मग कागद तळाशी ठेवला, वर किल्ल्या, बटणं. डबा आता माझ्या ओट्यावर असतो. नात विचारते, "आजी, इसमें क्या है?" मी तिला कागद काढून देते, आणि माथ्यापासून वाचायला लावते.