आज बाळंतीण झाली सिस्टर

मंडळी, आत्ताच नंदुरबारहून घरी आलेय. चहासुद्धा घेतला नाही, पण हे सांगितल्याशिवाय राहवत नाहीये!

दवाखान्यात बाळंतिणींना कसं वागवतात, याचा आम्ही अभ्यास करतोय. त्यावरून आज नर्सेसचं ट्रेनिंग होतं आणि शिकवायला चक्क एका बाळंतिणीलाच बोलावलं होतं. मोलगीजवळच्या पाड्यावरच्या रुमालीताई.

शहाद्याच्या सुनंदा सिस्टर पेशंट बनून टेबलावर झोपल्या. रुमालीताई झाल्या सिस्टर.

रुमालीताईंना मराठी जेमतेम येतं. पण टेबलाजवळ गेल्या आणि खणखणीत आवाजात सुरूच झाल्या, "ए, ओरडू नको! पाय वर घे! बाकी सगळे बाहेर व्हा!"

हॉलमध्ये नुसता हशा! मग एकेकीचं हसू ओसरत गेलं. एवढं मराठी त्या कुठे शिकल्या, हे सगळ्यांच्याच लक्षात आलं.

मी म्हटलं, "ताई, आता तुम्हाला हवं होतं तसं करा."

पाड्यावर बाळंतपणात थोरली जाऊ मागे बसते, तशा रुमालीताई सिस्टरांना उठवून त्यांच्या मागे बसल्या. त्यांची पाठ स्वतःच्या छातीला टेकवून घेतली, हात धरला.

थोड्या वेळाने मी म्हटलं, "झालं, उठा सिस्टर."

तर सिस्टर डोळे मिटूनच अहिराणीत म्हणतात कशा, "थांबा ना मॅडम, आते कुठे बरं वाटी ऱ्हायनं!"

आणि उठल्यावर पहिलं वाक्य, "उद्यापासून मी कोणाच्या जावेला बाहेर काढणार नाही."

तुमच्या वेळी मागे कोण बसलं होतं? की तेही दाराबाहेरच उभं होतं?