उपासाच्या दिवशीचा घास

पांढऱ्या साडीला डांबरगोळीचा वास आला, की मला लग्नानंतरचा एक दार फाळणीचा सण आठवतो. रत्नागिरीत आम्हा बेने इस्राएलांची, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची, घरं मोजकीच. त्या दिवशी पेटीतली पांढरी वस्त्रं नेसून, दारं लावून, कडक उपास करून देवाकडे वर्षभराच्या चुकांची माफी मागायची. आत उकाडा होता. बाहेर मासेवाली हाक मारून गेली, कोणी ओ दिली नाही. मी वर्षाच्या लेकाला आदल्या दिवशीचा मऊभात भरवत होते. त्याने नको म्हटलेला घास सवयीने माझ्याच तोंडात गेला, आणि गिळल्यावर कळलं. आता देव कसली माफी देतो, म्हणून मी भिंतीकडे तोंड करून रडू लागले. सासूबाईंना कसंबसं सांगितलं. "एवढंच ना गो?" त्या म्हणाल्या. "डोळे पूस आणि उपास पुढे धर. पोराला भरवताना देव बघत होताच की. तुझा नवरा लहान असताना मी अख्खी वाटी संपवली होती." "मग तुमच्या सासूबाई काय म्हणाल्या?" "त्यांना कोण सांगतंय! देवाला सांगितलं, आणि आज तुला." आम्ही दोघी तोंडाला पदर लावून हसलो. आता त्या दिवशी सून नातीला भरवायला बसली, की मी मुद्दाम दुसरीकडे बघते.