हरकत असल्यास कळवावे

रविवारी चर्चमधली मिस्सा, म्हणजे उपासना, संपताना फादरांनी माझ्या मुलाचं नाव वाचलं. पुढच्या महिन्यात त्याची गुरुदीक्षा, तो फादर होणार, कुणाची काही हरकत असल्यास कळवावे. आमच्यात लग्नाआधी चर्चमध्ये नावं पुकारतात, तसंच हे. सगळे माझ्याकडे बघून हसले. मी मनात म्हटलं, चला, कुणीतरी विचारलं तरी!

चाकणच्या एका कंपनीत सव्वीस वर्षं मी फायनल इन्स्पेक्शनला होतो. खोट काढणं हाच माझा धंदा. सुपरवायझर कितीही ओरडला तरी खराब माल पुढं सोडला नाही. त्या आठवड्यात मी पोटच्या एकुलत्या एक पोराची खोट शोधत बसलो. झुरळाला घाबरतो. गाणं बेसूर. चहात साखर टाकतो आणि ढवळायला विसरतो. एवढ्यावर कोण रिजेक्ट करणार? त्याची आई गेल्यापासून आकुर्डीच्या घरात मी एकटाच. तो सेमिनरीत फादर व्हायचं शिकत होता तोवर वाटायचं, अजून येईल परत. दीक्षा झाली की तेही संपलं.

शेवटी फादरांकडे गेलो. "माझी हरकत आहे."

ते सावरून बसले. "बोला."

"मला एकट्याला जेवण जात नाही."

ते हसले नाहीत. "हा अडथळा धर्मशास्त्रात बसत नाही हो," म्हणाले. मला रागच आला. मग बसतं तरी काय?

दीक्षेच्या दिवशी बिशपांनी विचारलं, हा योग्य आहे का? उत्तर आलं, लोकांकडे चौकशी केली, योग्य आहे. त्या लोकांत मलाही धरलं होतं. मुलानं जोडलेले हात बिशपांच्या हातांत देऊन आज्ञेत राहण्याचं वचन दिलं. मग काही न बोलता बिशपांनी त्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवले. येशूच्या प्रेषितांनी ज्यांच्यावर हात ठेवले त्यांनी पुढच्यांवर, असं करत ते हात इथवर आले, असं आम्ही मानतो. मीही मानतो. पण लहानपणी त्या डोक्याला दर रविवारी तेल मी चोळलंय, आणि आता मी पाचव्या बाकावर बसलो होतो. फार एकटं वाटलं.

जेवणाच्या मंडपात तो माझ्याशेजारी येऊन बसला. "बाबा, फादरांनी तुमची हरकत सांगितली मला."

मी त्याच्या ताटात पुरी वाढली.

"बिशपांनी मलाही विचारलं होतं, काही अडचण? मी म्हटलं, बाबा एकटे जेवणार नाहीत."

"मग?"

"म्हणाले, बाबांशी बोल. माझा धीरच झाला नाही."

त्यानं माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. तळव्यांना अजून बिशपांनी दीक्षेत चोळलेल्या तेलाचा वास होता. "वेळेवर जेवाल ना?"

मघाशी त्यानं बिशपांना दिलं, तसं वचन मला त्याला द्यावं लागलं.

त्याची नेमणूक लांब झाली. रोज आठ वाजता मी ताट वाढून घेतो. जेवण आजही जात नाही. जेवतो.